सल्ला हवा: शर्यतीसाठी १/१० फोर-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक आरसी बगी कोणती घ्यावी?

कोव्हेंट्रीकर:
नमस्कार मंडळी. इथे जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी गालिचा अंथरून आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या शर्यती होतात. लेकाला (वय १३) घेऊन सहज बघायला गेले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खरं सांगायचं तर वेड त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागलंय.

१/१० मापाची (खऱ्या गाडीच्या एक-दशांश), बॅटरीवरची, चारही चाकांना ताकद जाणारी बगी घ्यायची आहे. बजेट सगळं मिळून पाचशे पौंड (नवऱ्याला सांगितलेलं: तीनशे). नेटवर वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. चाकांना ताकद द्यायला शाफ्ट (दांडा) चांगला की बेल्ट (पट्टा)? '१३.५ टी' म्हणजे काय? टामिया कंपनीची टीटी-०२बी स्वस्त दिसते, ती चालेल का? की सरळ रेडी-टू-रन (जोडून तयार मिळते ती) घेऊन टाकू? सोल्डरिंग येतं मला, कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. लेक लेगोवर वाढलेला आहे.

स्क्रूड्रायव्हर:
ताई, आधी काहीच घेऊ नका. येत्या बुधवारी वही घेऊन परत जा आणि कुणाच्या टेबलावर कोणती गाडी आहे ते लिहून आणा. शर्यत बघू नका, टेबलं बघा.

कारण सांगतो. माझी पहिली फोर-व्हील मी मंचांवरची तारीफ वाचून मागवली. गाडी उत्तमच होती, पण आमच्या क्लबात तशी एकच, माझी. दुसऱ्याच हीटमध्ये (फेरीत) उडी चुकली, गाडी पाइपवर आदळली आणि पुढचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोडला. दहा पौंडांचासुद्धा नसेल तो तुकडा. दुकानदाराने 'दोन दिवसांत पाठवतो' म्हटलं, आला तीन आठवड्यांनी. तीन बुधवार मी नुसता मार्शल म्हणून उभा होतो, दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करत. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर एकाचा आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) मोडला, तर त्याला चौघांनी चार आर्म काढून दिले. सगळ्यांच्या गाड्या एकाच कंपनीच्या!

म्हणून क्लबात जिचे पार्ट ट्रॅकच्या कडेला मिळतात, ती गाडी. बाकीचं सगळं त्यानंतर.

टीटी_झिंदाबाद:
टीटी-०२बी घ्या, डोळे मिटून. माझ्या दोन्ही मुली त्यावरच शिकल्या. स्वस्त, दणकट, पार्ट कुठेही मिळतात.

स्क्रूड्रायव्हर:
@टीटी_झिंदाबाद, अंगणासाठी शंभर टक्के. पण ताईंना शर्यत करायची आहे. त्या किटात बेअरिंगच्या जागी बुश (साध्या नळ्या) येतात, ते बदलायचे. स्लिपर क्लच (झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा) नाही. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) ठरावीक भोकांतच बसतो, त्यामुळे गिअरिंगला वाव कमी. मग माणूस हळूहळू सगळं बदलत जातो आणि वर्षभरात एका जुन्या स्पर्धेच्या गाडीएवढे पैसे घालवून बसतो, तरी चेसिस तीच. मीच घालवलेत, म्हणून बोलतोय.

टीटी_झिंदाबाद:
मान्य. पण मजा आली की नाही?

स्क्रूड्रायव्हर:
ते नाकारत नाही.

ओकलंडचा_आबा:
ताई, मी कॅलिफोर्नियात मातीवर चालवतो, तुमचा गालिचा वेगळा, तेव्हा टायरबद्दल माझं ऐकू नका. शाफ्ट-बेल्टचं मात्र सांगतो. एक्सरे कंपनीची एक्सबी४ आणि असोसिएटेड कंपनीची बी७४ शाफ्टवाल्या, शूमाखर कंपनीची कॅट पट्ट्यावाली. शाफ्टचा प्रतिसाद ताडकन, पट्टा जरा मऊ आणि शांत. पण हा फरक कळायला हात तेवढा बसावा लागतो. पहिल्या वर्षी फक्त पट्ट्यात खडा अडकतो का एवढं बघायचं, आणि हॉलमध्ये खडा कुठून येणार?

आणि 'टी' म्हणजे टर्न, मोटरच्या आतल्या तारेचे वेढे. वेढे कमी तितकी मोटर तेज. १३.५ ही आमच्याकडे स्टॉक वर्गाची मोटर. दिग्गज ५.५, ६.५ लावतात.

स्क्रूड्रायव्हर:
आबांनी कॅटचं नाव काढलं म्हणून थोडं विषयांतर. ताई, शूमाखर कंपनी तुमच्यापासून तासाभरावर, नॉर्दॅम्प्टनला. संस्थापक सेसिल शूमाखर आधी रेसिंग इंजिनं बनवणाऱ्या कॉसवर्थमध्ये इंजिनिअर होते, आरसी गाड्यांतला बॉल डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) त्यांच्याच डोक्यातून आला. पहिली कॅट १९८६ च्या सुमारास आली आणि १९८७ मध्ये इंग्लंडातच, रॉम्झीला, जपानच्या मासामी हिरोसाकाने कॅट चालवून फोर-व्हीलचं जागतिक विजेतेपद घेतलं. त्यामुळे मिडलँड्समधल्या टेबलांवर तुम्हाला कॅट दिसणारच, जुनी-नवी दोन्ही.

आता कामाचं. स्पर्धेचं नवं किट चारशे पौंडांच्या वर जातं आणि त्यात मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, रेडिओ काहीच नसतं, टायरसुद्धा बहुधा नाही. बॉडी पारदर्शक, रंग तुम्हीच द्यायचा. म्हणजे पाचशेत नवं बसत नाही. एक पिढी जुनी, क्लबातल्याच कुणाची तरी वापरलेली गाडी बघा. घेताना चारही चाकं हलवून बघा (थोडी ढिलाई चालेल, खडखड नको), शॉकचा (धक्के झेलणाऱ्या नळीचा) दांडा वाकलाय का बघा, आणि डिफरन्शियल हाताने फिरवताना कुठे दाणेदार लागतो का तेही बघा. विकणाऱ्याने सुट्या पार्टांचा डबा दिला तर वीस पौंड जास्त मोजा.

मोटर: इकडे बहुतेक क्लबांत फोर-व्हीलला वेढ्यांचं बंधन नसतं, म्हणून लोक भलतंच काही लावतात. तुम्ही ८.५ किंवा १०.५ लावा, सेन्सरवाली. पाच मिनिटांच्या हीटमध्ये नवखा हरतो तो वेगामुळे नाही, चार वेळा उलटल्यामुळे. रेडी-टू-रनच्या कित्येक रिसीव्हरांत जायरो (गाडी आपोआप सरळ ठेवणारा सेन्सर) असतो, तो शर्यतीत सहसा चालत नाही, तेही विचारून घ्या.

अनुभवाचे_बोल:
पहिल्यांदा टू-व्हील-ड्राइव्ह का नको? पार्ट निम्मे, हात लवकर सुधारतो.

कोव्हेंट्रीकर:
लेकाने टू-व्हील मागच्या बुधवारी चालवून पाहिली, एका आजोबांनी दिली होती. दोन फेऱ्यांत सात वेळा गोल फिरली. तो रडकुंडीला आला. फोर-व्हीलच!

धुळवड (पुणे):
मध्येच विचारतो, सॉरी. मे महिन्यात मित्र लंडनहून येतोय, त्याला लायपो (गाडीच्या लिथियम बॅटऱ्या) आणायला सांगू का? विमानात चालतात?

ओकलंडचा_आबा:
सुटी बॅटरी हातातल्या सामानातच, चेक-इनमध्ये अजिबात नाही. शंभर वॉट-तासांच्या आत हवी. टू-एस (दोन सेलची) ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ७.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास, म्हणजे ३७, बसते आरामात. टोकांना चिकटपट्टी लावा. एअरलाइनचा नियम तेवढा वाचून घे बाबा. आणि चार्ज पूर्ण भरून आणू नकोस, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेव.

कोव्हेंट्रीकर:
(दोन आठवड्यांनी) मंडळी, घेतली! आधी वही नेली होती. अठरा टेबलांपैकी सातांवर कॅट, चारांवर असोसिएटेड, बाकी भेळ. ज्या आजोबांनी टू-व्हील दिली होती, त्यांनीच आपली आधीची कॅट विकली, सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून पार्ट. आर्म, स्क्रू, जुने शॉक, आणि तळाशी खरंच एक बिस्किट.

पहिली रात्र: गाडी वळणावर आत न वळता सरळ उलटतेय! वेग जास्त नव्हता, शपथ. काय चुकलं?

स्क्रूड्रायव्हर:
अभिनंदन! चुकलं काही नाही. गालिच्यावर पकड एवढी असते की टायर घसरतच नाही, आणि बगीच उलटते. पुढच्या टायरच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीला सुपरग्लूचा पातळ थर द्या, फक्त भिंतीला, टायरवरच्या पिनांना (काट्यांना) लागू देऊ नका. वाळला की ती कड घसरते. गाडीची उंची एकदोन मिलिमीटर खाली घ्या. पुढचा अँटी-रोल बार (वळताना गाडी कलण्याला आवर घालणारी तार) आहे का बघा.

आणखी एक: पिनियन आणि स्परमध्ये (त्याला लागणाऱ्या मोठ्या दातेरी चाकामध्ये) वर्तमानपत्राची पट्टी घालून दात जुळवा, मग पट्टी काढा. किंचित फट राहते तेवढीच हवी. मोटरच्या स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलंय ना?

कोव्हेंट्रीकर:
लावलं. सुपरग्लूही लावला, त्यात दोन बोटंही चिकटली. काल पाच मिनिटांत फक्त दोनदा उलटली, सी फायनलमध्ये (ए आणि बी खालच्या गटात) सहावे आलो. सहाजणच होते.

आता वेगळंच संकट. काल रात्री शॉक उघडताना ई-क्लिप (दांड्यावर बसणारी बारीक धातूची कडी) टणकन उडाली, स्वयंपाकघरात कुठेतरी. तासभर शोधली. फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून ओढलं, तर एक जुनी टाचणी मिळाली.

ओकलंडचा_आबा:
डब्यात बघा ताई, आजोबांनी नक्की ठेवल्या असतील. आणि पुढच्या वेळी शॉक पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा.

कोव्हेंट्रीकर:
डब्यात नऊ निघाल्या! बिस्किटाला चिकटून.