विषय: ८ एप्रिलची ग्रहण-सहल : ईगल पासच्या बसमधील कागदपत्रे

प्रेषक: सहल समिती
दिनांक: २० मार्च २०२४

सप्रेम नमस्कार,

खग्रास ग्रहणासाठी टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरील ईगल पास गावी जाणाऱ्या बसमधील ५६ पैकी ५१ जागा भरल्या असून उरलेली रक्कम शुक्रवारपर्यंत जमा करायची आहे. काल दुपारी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा सीमा ओलांडणे हा राज्याचा गुन्हा ठरवणाऱ्या टेक्सासच्या 'एसबी ४' कायद्याचा मार्ग मोकळा केला आणि रात्री उशिरा पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो पुन्हा रोखला. त्यामुळे आज सकाळपासून समितीकडे नऊ जणांचे फोन आले. परतीच्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची (केंद्राच्या सीमा पोलिसांची) चौकी लागते, तेव्हा भारतातून आलेल्या आईवडिलांचे कोणते कागद बरोबर घ्यावेत, अशी सगळ्यांची विचारणा आहे.

समितीचा प्रस्ताव असा आहे की अठरा वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाने आपापल्या स्थितीप्रमाणे मूळ पासपोर्ट, मूळ ग्रीन कार्ड किंवा आय-९४ ची (प्रवेशाच्या व मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीची) छापील प्रत जवळ ठेवावी आणि बसमध्ये चढताना आपले स्वयंसेवक ती पाहतील. ज्यांचे कागद अपुरे असतील त्यांना बसमध्ये घेता येणार नाही. हरकती उद्या संध्याकाळपर्यंत कळवाव्यात.

सहलप्रमुख

प्रेषक: सुलभा
दिनांक: २० मार्च २०२४

माझी हरकत आहे, आणि ती मी सर्वांसमोर नोंदवते.

माझ्या आईचा आय-९४ फेब्रुवारीअखेर संपला. मुदतवाढीचा अर्ज आम्ही जानेवारीतच केला असून आज तिच्याजवळ त्या अर्जाची पोच तेवढी आहे. अर्ज वेळेत केलेला असल्याने निर्णय होईपर्यंतचे तिचे वास्तव्य बेकायदा मोजले जात नाही, असे आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितले आहे. परंतु रस्त्यावरच्या अधिकाऱ्याने ती पोच पुरेशी मानावी याची हमी कोणीच देत नाही. हा धोका पत्करायचा की नाही, हे मी आणि आई बसून ठरवू. बसच्या पायरीवर उभा राहून आपल्याच मंडळाचा स्वयंसेवक चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला खाली उतरवणार असेल, तर ते मला मान्य नाही. परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असे केंद्राचा कायदा सांगतो. तो पुरावा मंडळाने तपासावा असे कोणताही कायदा सांगत नाही.

सुलभा

प्रेषक: अविनाश
दिनांक: २१ मार्च २०२४

सुलभाताई, तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे, तरीही मी समितीच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण जरा सविस्तर लिहितो.

मी सहा वर्षे सीमेजवळच्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागात काम केले आहे. माणसे चोरून सीमेपलीकडून आणणाऱ्या दलालाची गाडी पोलिसांना चुकवत भरधाव निघते, कुरणाचे कुंपण तोडून आत शिरते आणि चालकासह सगळे जण चारी दिशांना पळतात, असे प्रकार तिथे आठवड्यातून दोनतीनदा घडत. त्या गाड्यांतील जखमी आमच्याकडेच येत. एका पहाटे नदीतून काढलेले चार वर्षांचे मूल आणले गेले. त्याच्या दंडावर निळ्या बॉलपेनने फोन क्रमांक लिहिलेला होता आणि शेवटचे दोन आकडे पाण्याने पुसले गेले होते. मूल वाचले. त्या दोन आकड्यांसाठी आमच्या परिचारिकेने शंभर क्रमांक एकेक करून लावून पाहिले. ज्याने हे पाहिले आहे, त्याला 'सीमा हे केंद्राचे काम, राज्याने मध्ये पडू नये' हे वाक्य पोकळ वाटते, कारण केंद्र ते काम करत नव्हते.

गेल्या डिसेंबरमध्ये दक्षिण सीमेवर बॉर्डर पेट्रोलने सुमारे अडीच लाख वेळा लोकांना अडवले. माणसे कमी पडली म्हणून ईगल पासचा रेल्वे पूल काही दिवस बंद ठेवावा लागला. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून लिहिलेले सीमेविषयीचे विधेयक फेब्रुवारीत पडले. अशा वेळी राज्याने २०२१ पासून 'ऑपरेशन लोन स्टार'खाली स्वतःचे पैसे आणि स्वतःचे सैनिक लावले, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि आपल्यापैकी कितीतरी जण ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत. एप्रिलच्या व्हिसा बुलेटिनमध्ये नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या ईबी-२ गटातील भारतीयांची तारीख १५ एप्रिल २०१२ आहे, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचीच पाळी आली आहे; बारा वर्षे झाली. नियम पाळणाऱ्यांना ही वाट पाहावी लागते, तेव्हा नियमांची अंमलबजावणी व्हावी असे म्हणणे निर्दयपणाचे नाही.

अविनाश

प्रेषक: खजिनदार
दिनांक: २१ मार्च २०२४

बस कंपनीशी आत्ताच बोललो. शुक्रवारी दुपारी पाचपर्यंत मार्ग बदलल्यास जादा आकार नाही आणि त्यानंतर अनामत रक्कम परत मिळणार नाही. सीमेपासून आत असलेल्या टेक्सासमधील केरव्हिललाही खग्रास अवस्था चार मिनिटांहून जास्त आहे आणि तिथून परत येताना चौकी लागत नाही. ईगल पास निवडले होते ते दोन कारणांनी : त्या बाजूला एप्रिलमध्ये ढग कमी असतात असे जुन्या नोंदी सांगतात, आणि गेल्या १४ ऑक्टोबरच्या कंकणाकृती ग्रहणाला केरव्हिलहून परतताना आपण वाहतुकीत तीन तास अडकलो होतो. कृपया निर्णय कळवावा.

प्रेषक: नाना
दिनांक: २१ मार्च २०२४

चिरंजीव अविनाश यांस,

तू पाहिलेस ते मी पाहिलेले नाही, म्हणून त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मात्र तुझ्या आणि समितीच्याही लिहिण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

परतीच्या रस्त्यावरची चौकी केंद्राची आहे. तिचा 'एसबी ४'शी काहीही संबंध नाही. कायमस्वरूपी चौकीवर कोणताही संशय नसताना गाडी थांबवून नागरिकत्वाविषयी विचारता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली मान्य केले. गाडीची झडती घ्यायची तर संमती किंवा सबळ कारण लागते. याउलट 'एसबी ४' हा अधिकृत प्रवेशद्वार टाळून परदेशातून थेट टेक्सासमध्ये शिरणाऱ्याला राज्याचा गुन्हेगार ठरवणारा कायदा आहे. विमानाने येऊन शिक्का घेतलेल्या आपल्या आईवडिलांना तो लागूच होत नाही. नऊ जणांनी काल घाबरून फोन केले ते राज्याच्या कायद्यामुळे, आणि ज्या चौकीची भीती घातली जाते आहे ती पन्नास वर्षांपासून तिथेच आहे.

आता राज्याच्या अधिकाराबद्दल. हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को बंदरात कॅलिफोर्नियाचा आयुक्त चीनहून आलेल्या स्त्रियांना जहाजावरच रोखून जामिनाचे पैसे मागत असे. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. एका राज्याचा एक अधिकारी साऱ्या देशाला दुसऱ्या देशाशी भांडणात ओढू शकेल, ही न्यायालयाची चिंता होती. मेक्सिकोने परवाच जाहीर केले की टेक्सासने परत पाठवलेले लोक आम्ही स्वीकारणार नाही. म्हणजे ती चिंता आजही तशीच लागू आहे.

ॲरिझोनाचे तर मी स्वतः अनुभवले. २३ एप्रिल २०१० रोजी बेकायदा वास्तव्याविरुद्धच्या 'एसबी १०७०' कायद्यावर सही झाली तेव्हा आम्ही फिनिक्सला होतो. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या फेरफटक्यालाही पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो. जुलैपर्यंत घामाने त्याचे वेष्टन मऊ पडले आणि कडेची सोनेरी अक्षरे निघून आली. मला कोणी एकदाही थांबवले नाही. तरी दोन वर्षे तो खिशात होता. २०१२ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील तीन कलमे रद्द केली, पण पोलिसांनी थांबवलेल्या माणसाच्या वास्तव्याची चौकशी करण्याचे कलम तूर्त राहू दिले. ज्याचा चेहरा इथला दिसत नाही त्याचा हात खिशाकडे जातो, तो या कलमामुळे.

नाना

प्रेषक: अविनाश
दिनांक: २२ मार्च २०२४

आदरणीय नाना, चौकी आणि राज्याचा कायदा वेगळे आहेत, हे मी मान्य करतो. पण केंद्राने हात वर केले तर राज्याने काय करावे, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही. आपल्या देशात आसामची तक्रार हीच होती. २००५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घुसखोरांविषयीचा १९८३ चा कायदा रद्द करताना घटनेच्या ३५५ व्या कलमाचा आधार घेतला आणि 'बाह्य आक्रमण' हा शब्द वापरला. टेक्सासचे राज्यपाल 'आक्रमण' म्हणतात तेव्हा आपण लगेच नाक मुरडतो, पण आपल्या न्यायालयाने तेच म्हटले होते.

प्रेषक: नाना
दिनांक: २२ मार्च २०२४

म्हटले होते, आणि त्यातून निष्कर्ष काय काढला तेही पाहावे. आसामचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे आणि केंद्राने ते पाळले नाही, असे न्यायालय म्हणाले. परकीयांना हाकलण्याचा अधिकार आसामच्या हाती दिला नाही. भारतात परकीयांचा प्रवेश आणि त्यांची हकालपट्टी हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. २०२१ मध्ये बीएसएफची हद्द पंजाब आणि बंगालमध्ये पन्नास किलोमीटरपर्यंत वाढवली, तेव्हा या दोन राज्यांनी उलट तक्रार केली की केंद्र आमच्या पोलिसांच्या कामात घुसते आहे. काम कोणाचे हे स्पष्ट नसले की दोन्ही बाजू आपापल्या सोयीने बोलतात आणि मधला माणूस अडकतो.

शेल्बी पार्कचे उदाहरण जवळचे आहे. ईगल पासमधले नदीकाठचे ४७ एकरांचे ते उद्यान जानेवारीत राज्याने ताब्यात घेतले. १२ जानेवारीच्या रात्री एक बाई आणि तिची दोन मुले त्याच काठाजवळ नदीत बुडाली. केंद्र म्हणते, आमच्या लोकांना फाटकातून आत सोडले नाही. राज्य म्हणते, त्यांनी विचारले तेव्हा ती तिघे मेक्सिकोच्या बाजूला आधीच बुडालेली होती. दोन्ही म्हणणी न्यायालयात पोहोचली. त्या रात्री नदीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे फाटकावर उभ्या असलेल्या दोन्ही गणवेशांना एकमेकांशी वाद घालूनच ठरवावे लागत होते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते.

प्रेषक: केतकी
दिनांक: २२ मार्च २०२४

मी एच-१ वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे आणि या यादीवर प्रथमच लिहीत आहे.

अविनाशदादा, रांगेचा मुद्दा माझाही आहे, परंतु 'रांगेतले आपण' आणि 'रांग मोडणारे ते' ही विभागणी तितकीशी खरी नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात कागदांशिवाय येताना अडवलेल्या भारतीयांची नोंद ९६,९१७ वेळा झाली. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या वाटेवरच्या निकाराग्वाकडे निघालेले ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समध्ये वात्री येथे अडवले गेले आणि त्यातील २७६ जण २६ तारखेला पहाटे मुंबईत उतरले. माझा मामेभाऊ त्या वेळी विमानतळावर कामावर होता. तो सांगत होता की टोपी खाली ओढून, तोंड झाकून, कोणाशीही न बोलता माणसे चालत होती आणि एकाच्या पायात अजून बर्फात घालायचे बूट होते. चौकीवरचा अधिकारी माझ्याकडे आणि त्या बूटवाल्याकडे पाहील तेव्हा त्याला चेहऱ्यावरून फरक कळणार नाही. तो कागदावरून ठरवेल, आणि ते त्याचे काम आहे. ते काम त्याच्या आधी आपण केल्याने कोणी जास्त सुरक्षित होत नाही. सुलभाताईंच्या आईला मात्र घरी बसावे लागेल.

माझे म्हणणे असे की कोणाकडे कोणता कागद असावा याचे एक पान समितीने छापून प्रत्येकाला द्यावे, आणि तपासणी करू नये.

केतकी

प्रेषक: अविनाश
दिनांक: २२ मार्च २०२४

ते पान मी लिहून देतो. ग्रीन कार्डाची छायाप्रत चालत नाही, मूळ कार्डच जवळ लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. आय-९४ ची प्रत संकेतस्थळावरून काढता येते. विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे आणि न समजलेल्या प्रश्नाला मान डोलावू नये, हेही लिहीन, कारण आपले ज्येष्ठ लोक आदराने मान डोलावतात आणि ती संमती धरली जाते. राज्याच्या भूमिकेविषयी माझे मत बदललेले नाही आणि पाडव्याच्या कार्यक्रमात नानांशी ते बोलेनच.

प्रेषक: सहल समिती
दिनांक: २२ मार्च २०२४, दुपारी ४:३५

बस केरव्हिलला जाईल, असे खजिनदारांनी कंपनीला कळवले आहे. बसच्या दारात कागदपत्रांची तपासणी होणार नाही. ज्यांना कमी ढगांसाठी ईगल पासलाच जायचे आहे त्यांनी स्वतःच्या गाड्यांनी जावे. अशा तीन गाड्या ठरल्या असून पुढची गाडी अविनाश यांची आहे. नदीकाठच्या उद्यानाचा ताबा राज्याकडे असल्याने तिथे जाण्याचे ठरवू नये, गावातच जागा पाहावी. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, गुढीपाडवा आहे आणि सभागृहाची सजावट सकाळी आठला सुरू होते, तेव्हा ८ तारखेला रात्री दहाच्या आत सर्वांनी परत यावे.

सुलभाताईंनी आईंसाठी कोणती जागा ठेवायची ते कळवावे.

प्रेषक: सुलभा
दिनांक: २२ मार्च २०२४

खिडकीची, उजव्या बाजूची. दुपारी दीडच्या सुमारास आपण बसबाहेरच असू, पण येताजाता तिला डोंगर पाहायचे आहेत. पोच मी तिच्या बटव्यात ठेवणारच आहे.