मदत हवी आहे : ‘प्रोसेउखे’ म्हणजे प्रार्थना की प्रार्थनेची जागा?

सर्वांना सलाम. रविवारच्या बायबल अभ्यासासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 तयार करतोय आणि एका शब्दापाशी अडकलोय.

फिलिप्पै शहरात शब्बाथ दिवशी (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस) प्रेषित पौल वेशीबाहेर नदीकाठी जातो, तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलतो, त्यांच्यातली लुदिया विश्वास ठेवते. या 13व्या ओवीत मूळ ग्रीक शब्द ‘प्रोसेउखे’ आहे. एरवी त्याचा अर्थ सरळ प्रार्थना. पण इजिप्तमधल्या इ. स. पूर्व 3ऱ्या शतकातल्या यहुदी शिलालेखांत हाच शब्द प्रार्थनागृहाच्या इमारतीसाठी येतो! मग नदीकाठी भिंती-छप्पर होतं, की स्त्रिया उघड्यावरच बसल्या होत्या? 16व्या ओवीत पौल आणि त्याचे सोबती पुन्हा ‘प्रोसेउखे’कडे निघालेत, म्हणजे ठरलेली जागा तर नक्की असणार.

दुसरं, यातला मूळ ‘एउखे’ अध्याय 18, ओवी 18 मध्ये चक्क नवस या अर्थाने आलाय (पौल डोकं मुंडतो तिथे). याकोबाच्या पत्रात (5:15) मात्र तोच शब्द प्रार्थनेसाठी. तर ‘प्रोसेउखे’ ऐकताना त्या काळच्या माणसाला नवसाचा भाव जाणवत असेल का?

ग्रीक शिकलेल्या कोणी समजावून सांगाल का? लुदियाची गोष्ट मला फार जवळची आहे, चुकीचं शिकवायचं नाही.