मदत हवी आहे: हॅलोविनच्या रात्री मुलांना कोणता सिनेमा दाखवू? आणि त्यामागच्या खऱ्या काळ्या गोष्टी

नमस्कार मंडळी,

मी डब्लिनला राहते. आमच्या इथल्या मराठी मंडळातली तेरा ते सतरा वयाची मुलं यंदा ३१ ऑक्टोबरला एकत्र बसून भुताचा सिनेमा बघणार आहेत. हॉल ठरला, प्रोजेक्टर ठरला, वडे कोण करणार तेही ठरलं. सिनेमा काही ठरत नाहीये. शिवाय सिनेमाआधी वीसेक मिनिटं ‘हे सगळं आलं कुठून’ यावर मी बोलायचं आहे. दोन्हीसाठी तुमची मदत हवी आहे.

आधी बोलण्याबद्दल सांगते, कारण सिनेमा त्याला धरूनच निवडायचा आहे. मुलांना विचारलं, तुम्हाला काय काय माहीत आहे? उत्तरं धडाधड आली. ड्रुइड लोक, म्हणजे जुने केल्टिक पुजारी, त्या रात्री माणसं जाळायचे. साविन नावाचा मृत्यूचा देव होता. चर्चने त्याचा सण पळवला. अनोळखी लोक चॉकलेटमध्ये ब्लेड घालतात. सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेलं. ज्या देशात हा सण वाढला तिथेच ही मुलं शाळेत जातात, आयरिश शिकतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचतंय ते मात्र हॉलीवूडचं. मला याचं फार वाईट वाटलं. मुलं घाबरली तर माझी काहीच हरकत नाही, चांगली घाबरू देत. पण खऱ्या गोष्टीला घाबरू देत.

वाचून हाताशी आलंय ते असं. साविन हा देव नाही, उन्हाळा संपून हिवाळा लागतो त्या वेळचा सण आहे. दिवस सूर्यास्तापासून मोजायचे, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू व्हायचा. वरच्या कुरणांत गेलेली गुरं खाली आणायची आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची. गवत किती, तोंडं किती, याचा हिशोब त्या दिवसांत व्हायचा. मला वाटतं सणातली खरी भीती इथे आहे. पुढचे महिने काळोखाचे आणि थंडीचे, आणि घरातलं म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल वसंतापर्यंत टिकेल की नाही ते कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी माणसं टेकडीवर जाळ करून त्याभोवती जमणारच.

माणसं जाळण्याची गोष्ट ज्युलियस सीझरकडून येते. वेताच्या प्रचंड पुतळ्यांत माणसं कोंडून जाळतात असं त्याने लिहिलं, पण ते गॉलबद्दल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचं, आणि ज्यांच्याशी तो लढत होता त्यांच्याबद्दल. आयर्लंडचा किंवा ऑक्टोबरअखेरीचा त्यात संबंध नाही. मृत्यूचा देव आला तो १८व्या शतकातल्या चार्ल्स व्हॅलन्सी या लष्करी अधिकाऱ्याच्या लिखाणातून, आणि घरोघर पोचवायला सिनेमाने हातभार लावला. १९८१च्या ‘हॅलोविन २’मध्ये शाळेच्या फळ्यावर रक्ताने ‘साविन’ लिहिलेलं सापडतं आणि डॉक्टर त्याचा अर्थ मृतांचा स्वामी असा सांगतो.

चर्चने सण पळवला म्हणतात तेही इतकं सरळ नाही. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने दाखवलंय की ८००च्या सुमारास इंग्लंड-जर्मनीकडची चर्चेस सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला पाळत होती, तेव्हा आयर्लंडमध्ये तो २० एप्रिलला होता. म्हणजे जिथे साविन होता तिथेच तारीख वेगळी! २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस मागाहून, १०००च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून पसरला. वसई आणि गोव्याच्या मंडळींना तो वेगळा सांगायला नको, त्या दिवशी कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतातच. इंग्लंडात याच दिवसांत गरीब लोक दारोदार जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात ‘सोल केक’ घेत. मुलं आज पिशवी घेऊन फिरतात त्याची एक मुळी या भुकेल्या लोकांपर्यंत जाते. हे मला मुलांना सांगायचंच आहे.

आणि चेहरा कोरून आत दिवा लावतात त्या भोपळ्याआधी होता सलगम. मेयो काउंटीत कासलबारजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउन गावातून १९४३ साली आलेल्या अशा कोरलेल्या सलगमचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ सलगम तेव्हाच चाळीसेक वर्षं जुना आणि मोडायला आलेला होता, म्हणून साचा काढला. खोल गेलेले डोळे, आवळलेला चेहरा, विचकलेले दात. फोटो बघाच. भोपळा त्याच्यापुढे हसरा वाटतो.

आता सिनेमा. माझा अतिशय आवडता म्हणजे जॉन कारपेंटरचा १९७८चा ‘हॅलोविन’. जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास पैसे, शूटिंग कॅलिफोर्नियात ऐन वसंतात, त्यामुळे पानगळीची पानंसुद्धा रंगवून पुन्हा पुन्हा वापरलेली. खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग फासलेला. पियानोची ती पाच मात्रांची धून कारपेंटरनेच रचली, आणि अजूनही ती वाजली की मी खुर्चीत ताठ होते. पण तेरा वर्षांच्या मुलांना तो दाखवणार नाही, आणि सणाच्या परंपरेचं त्यात फारसं काही नाही. १९८२च्या तिसऱ्या भागात आयरिश परंपरा आहे, पण ती टेकड्या रक्ताने न्हाल्याच्या भाषणासकट, म्हणजे नेमकं जे खोडून काढायचंय तेच.

तर विचारायचं हे: जुना सण, दारोदार फिरणं, मुखवटे, हिवाळ्याची धास्ती यातलं काही दिसेल, भीती वाटेल, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या आईला मला फोन करावा लागणार नाही असा सिनेमा कोणता? आणि बोलताना सांगता येईल अशी एखादी अस्सल जुनी गोष्ट कोणाला माहीत आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी न्यू जर्सीहून लिहितोय. अख्खा सिनेमा नाही, पण एक तुकडा दाखवाच. १९४४चा ‘मीट मी इन सेंट लुइस’. नाचगाण्यांचा, कुटुंबाचा सिनेमा, पण त्यातलं हॅलोविन बघून मी हादरलो होतो. काळ १९०३चा. चॉकलेट वगैरे काही नाही. मुलं रस्त्यात होळी करून जुनं लाकूडसामान जाळताहेत, मोठ्यांचे कपडे घालून तोंडं रंगवलेली, आणि एकेका घरी जाऊन दार उघडणाऱ्याच्या तोंडावर पीठ फेकायचं. सगळ्यात धाकटी मुलगी गल्लीतल्या सगळ्यात भयंकर समजल्या जाणाऱ्या माणसाच्या घराकडे एकटी चालत जाते. ती काळोखातली चाल बघताना मोठी माणसंही श्वास रोखतात. आपल्याकडे शिमग्याला पोरं लोकांची लाकडं पळवायची ते आठवलं मला. ‘खाऊ द्या नाहीतर खोडी काढू’ या अमेरिकन बोलीमागे या खोड्या आहेत. त्या फार वाढल्या तेव्हा गावोगावच्या मोठ्यांनी पोरांना खाऊ आणि पार्ट्या देऊन आवरलं.

ब्लेडबद्दलही मुलांना नक्की सांगा. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या, पण अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. विषाची जी खरी घटना लोक सांगतात ती १९७४ची, टेक्सासची. विम्याच्या पैशांसाठी बापानेच स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला नळीत भरलेल्या गोड भुकटीतून सायनाइड दिलं, आणि संशय येऊ नये म्हणून तशाच नळ्या इतर मुलांनाही वाटल्या. सुदैवाने त्यांच्यापैकी कोणी खाल्ल्या नाहीत. त्याला १९८४ साली मृत्युदंड झाला. ही गोष्ट मोठ्या मुलांनाच सांगा, पण सांगा. अनोळखी शेजाऱ्यांवरचा संशय त्यांच्या मनातून जायला हवा.

प्रतिसाद २

गोष्ट मी देते. आयर्लंडच्या अगदी जुन्या कथांपैकी ‘नेराचं साहस’. जागा रॉसकॉमन काउंटीतलं क्रुआखन, म्हणजे आजचं रॅथक्रोहन. तुम्हाला गाडीने दोन तासांवर असेल.

साविनची रात्र. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फाशी दिलंय आणि प्रेतं लटकताहेत. राजा ऐलिल म्हणतो, बाहेर जाऊन प्रेताच्या पायाला वेताची कडी बांधून येईल त्याला बक्षीस. काळोख असा की एकेक जण दारातून परततो. नेरा जातो. कडी तीनदा निसटते. तेव्हा प्रेतच त्याला सांगतं, अरे, नीट खुंटी मारल्याशिवाय ती बसायची नाही. मग म्हणतं, फाशी गेलो तेव्हा मला तहान लागली होती, मला पाठीवर घे आणि पाणी पाज. (हो, आपला वेताळच!) नेरा निघतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं: या घरात विस्तव नीट झाकून ठेवतात, इथे पाणी मिळणार नाही. दुसऱ्या घराभोवती पाण्याचं कडं: इथे रात्री धुण्याआंघोळीचं पाणी शिळं ठेवत नाहीत, इथेही नाही. तिसऱ्या घरात मात्र आंघोळीचं, धुण्याचं आणि खरकटं पाणी तसंच पडलेलं. प्रेत ते पितं आणि शेवटचा घोट घरातल्या माणसांच्या तोंडावर थुंकतं. सगळी मरतात.

आजी रात्री खरकटी भांडी ठेवू द्यायची नाही ना? मुलांना ही गोष्ट सांगा आणि घरी गेल्यावर मोरी कोण आवरतं ते बघा. पुढे नेरा शीच्या, म्हणजे परलोकाच्या, मेजवानीला गुहेतून आत शिरतो ती कथा मोठी आहे. ती गुहा, ओवेनागॅट, आजही तिथे आहे.

प्रतिसाद ३

मी कॉर्कला बरीच वर्षं आहे. मोठ्या मुलांसाठी २०२१चा ‘यू आर नॉट माय मदर’ हा आयरिश सिनेमा: उत्तर डब्लिनची वस्ती, हॅलोविनचे दिवस, रस्त्यावरच्या होळ्या, आणि नाहीशी झालेली आई परत येते ती आईच आहे का हा प्रश्न. माणूस पळवून त्याच्या जागी दुसरंच काही ठेवतात ही इथली जुनी समजूत त्यात फार खोल भिनली आहे. पण आईच्या आजारपणाचा भाग जड आहे, सोळाच्या खाली नको.

तेराच्या मुलांसोबत बसायला १९५७चा ब्रिटिश ‘नाइट ऑफ द डीमन’ घ्या. कृष्णधवल, रक्त जवळजवळ नाही. त्यात खलनायक गावातल्या मुलांना हॅलोविनची मेजवानी देतो, स्वतः विदूषकाच्या वेषात जादू करून दाखवतो, आणि बोलता बोलता वादळ उठवतो. राक्षस पडद्यावर दाखवू नये असं दिग्दर्शक तूर्नरचं मत होतं, निर्मात्याने तो घुसवला. सिनेमा संपल्यावर मुलांना विचारा, न दाखवता जास्त भीती वाटली असती का? तासभर वाद घालतील.

आणि बार्मब्रॅक, म्हणजे हॅलोविनचा मनुका घातलेला गोड पाव, विसरू नका, दुकानांत आलाय. आता आत फक्त अंगठी असते, पण पूर्वी घरच्या ब्रॅकमध्ये चिंधी, काटकी, वाटाणा आणि नाणंही घालायचे. अंगठी आली तर वर्षात लग्न, वाटाणा आला तर नाही, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काटकी म्हणजे संसारात मार. पंधरासोळा वर्षांच्या मुलीच्या ताटात काटकी यायची आणि सगळं घर हसायचं, यावर जरूर बोला.

सलगम कोरायचा असेल तर इथे टर्निप म्हणून मिळतो तो पिवळसर स्वीड घ्या. सुरीने होत नाही, हात कापेल. वरची चकती करवतीने काढा, ड्रिलने आत भोकं पाडा, मग धारदार चमच्याने खरवडा. भिंत बोटभर जाड ठेवा. आत मेणबत्ती लावली की करपट गोडसर वास सुटतो. कोरून दोनतीन दिवस राहू दिला तर सुकून आपोआप सुरकुततो, चेहरा तेव्हा खरा होतो.

मूळ लेखिका

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! क्रम लागला माझा. दिवे घालवून नेरा, मग सेंट लुइसचा तुकडा, मग ब्रॅक कापायचा आणि त्यानंतर ‘नाइट ऑफ द डीमन’. उत्तर डब्लिनचा सिनेमा मोठ्या मुलांसाठी वेगळ्या दिवशी ठेवते, आणि टेक्सासची गोष्टही तेव्हाच. सोल केकचं मात्र मी सगळ्यांसमोर सांगणार, आणि दारात एक टोपली ठेवणार: येताना प्रत्येकाने टिकणारा एक शिधा आणायचा, तो जवळच्या फूड बँकेला जाईल.

एकच अडचण उरली. सलगमसाठी ड्रिल आणि ते चालवायला मोठं माणूस हवं. डब्लिनमधलं कोणी २८ तारखेला संध्याकाळी हॉलवर येऊ शकेल का? स्वीड मी आणते. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवेन.