घोड्याच्या कंडरेच्या दुखापतीत कोल्ड लेझरने वेदना कमी होतात का?

प्रश्न
माझ्या घोडीच्या पुढच्या पायाच्या नळीमागील कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरासारख्या ऊतीला) दुखापत झाली असून सोनोग्राफीत काही तंतू तुटल्याचे दिसले आहे. पशुवैद्यांनी विश्रांती आणि वेदनाशामक औषध दिले आहे. त्याच्या जोडीला कोल्ड लेझर वापरल्यास तिच्या वेदना कमी होतील का, आणि घरगुती यंत्र पुरेसे ठरेल का? तिला त्रास होताना पाहवत नाही, म्हणून विचारते आहे.

उत्तर १
आपण निदान आधी करून घेतले, हे फार चांगले झाले, कारण खुरात पू झाल्यामुळे लंगडणाऱ्या घोड्याला लेझर देत बसल्यास फक्त वेळ वाया जातो. या लेझरने ऊती तापत नाहीत, म्हणून त्याला कोल्ड म्हणतात. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकाँड्रियात शोषला जातो, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि सूज व वेदना उतरण्यास मदत होते, असे त्यामागचे मुख्य स्पष्टीकरण आहे. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांना उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लेझरमुळे केस लवकर उगवताना दिसले, आणि या उपचाराचा अभ्यास तेथून सुरू झाला. घोड्यांवरील पुरावा मात्र अजून थोडा आणि संमिश्र आहे, म्हणून मी त्याला पूरक उपचारच मानतो. आपल्या घोडीची कंडरा त्वचेलगत असल्याने प्रकाश तिथवर पोहोचू शकतो. नितंबाच्या खोल सांध्याबाबत मला तितकी आशा वाटत नाही.

उत्तर २
घरगुती यंत्र घेण्याआधी त्याची सरासरी शक्ती अवश्य पाहावी. समजा, दर चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल द्यायचे आहेत आणि दुखरा भाग ६० चौरस सेंटिमीटरचा आहे. म्हणजे एकूण २४० ज्यूल हवेत. ५०० मिलिवॅटचे यंत्र ते ८ मिनिटांत देईल, पण ५ मिलिवॅटच्या यंत्राला त्यासाठी १३ तासांहून अधिक वेळ लागेल. त्यातच दाट केस आणि गडद त्वचा बराच प्रकाश वाटेतच शोषून घेतात, त्यामुळे केस कातरून, चिखल व मलम पुसून मगच उपचार करावा. मात्रा वाढवत नेल्याने गुण वाढत जातो असेही नाही, अतिमात्रेने परिणाम उलटा होऊ शकतो. ५०० मिलिवॅटच्या वरची यंत्रे लेझरच्या धोक्यानुसार ठरवलेल्या चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात आणि काळ्या कातडीवर एकाच जागी धरल्यास भाजण्याची भीती असते; ती प्रशिक्षित हातांतच असावीत. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घालावा, घोडीचे डोळेही जपावेत, आणि गाठ कर्करोगाची असल्याची शंका असेल तिथे लेझर लावूच नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आभारी आहे. दुखणे कमी झाले की तिला हळूहळू चालवायला सुरुवात करता येईल का?

उत्तर १
केवळ दुखणे कमी झाले म्हणून नको, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेदना उतरल्या की घोडी स्वतःहून पायावर भार टाकू लागते, तंतू मात्र अजून कच्चेच असतात, आणि कंडरा भरून यायला बहुधा ९ ते १२ महिने लागतात. हाताने धरून चालवण्याचे वेळापत्रक पशुवैद्यांकडूनच घ्यावे आणि व्यायामाची प्रत्येक पुढची पायरी गाठण्याआधी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी.