स्वस्तातले हॉरर आवडतात, मी एकटीच का?

घोडबंदरची_हडळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडचाप आहे, हसू नका. म्हणजे हसा, पण उत्तरं द्या.

आम्ही एकाच सोसायटीतल्या तिघीजणी, दर शनिवारी पोरं झोपली की माझ्याकडे जमतो आणि जुने स्वस्तातले भुताचे पिक्चर लावतो. रामसे बंधूंचे जवळपास सगळे संपले, मग मोहन भाक्रींचे झाले, अधूनमधून एखादा इंग्रजी. नवरा म्हणतो ओटीटीवर एवढं चांगलं पडलंय आणि तुम्ही हे काय भंगार बघता. त्याला मी सांगते की चांगला हॉरर बघितला की मला झोप लागत नाही आणि हे बघितलं की मस्त लागते, पण ते पूर्ण खरं नाहीये. परवा 'पुराना मंदिर' लावलेला, १९८४ चा, त्यात सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एकीकडे पेटीत आणि धड दुसरीकडे, एवढी बाळबोध आयडिया, पण ते मुंडकं धडाला लागून तो प्राणी उठला ना तेव्हा माझा हात भेळेच्या कागदात तसाच राहिला. मेकअप दिसत होता, सेट दिसत होता, तरी राहिला.

आणि त्याच रात्री अंघोळीचा सीन चालू असताना सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या. रिमोट उशीखाली. तो सापडेपर्यंत जे काही दिसायचं ते दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी पिऊन आत गेल्या, पण मला तेव्हापासून किडा चावलाय. जे आवडतं आणि जे बघून मान फिरवावीशी वाटते, दोन्ही एकाच पिक्चरात का असतं? वेगळं काढता येतं का? आणि सासूबाई जाग्या असताना लावता येईल असं काही असेल तर तेही सुचवा.

निशाचर_नौपाडा

ताई, एकट्या नाही, आपण बरेच आहोत, फक्त कबूल करत नाही.

दोन्ही एकाच पिक्चरात का, तर धंदा. रामसेंचंच बघा, मूळचं दुकान रेडिओचं. १९७० मध्ये वडिलांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, पृथ्वीराज कपूर होते त्यात, तरी आपटला. पण एका सीनमध्ये ते सैतानाचा मुखवटा वगैरे घालून चोरी करतात, आणि भावांच्या लक्षात आलं की पब्लिक त्या एका सीनवर खूश आहे. झालं, पुढचा अख्खा पिक्चरच भुताचा, 'दो गज जमीन के नीचे', १९७२. महाबळेश्वरला शूटिंग, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक साऊंडला, दोघं डायरेक्शनला, घरातल्या बायका युनिटचं जेवण करतायत. म्हणजे भूतबीत नंतर, आधी गिऱ्हाईक कशावर शिट्टी मारतं ते बघायचं आणि तेवढंच वाढायचं. भुतावर शिट्टी आली, भूत ठेवलं. अंघोळीवर आली, अंघोळ ठेवली. हिशोब एकच.

बाहेर पण तेच. अमेरिकेत १९६३ ला हर्शेल गॉर्डन लुईसने 'ब्लड फीस्ट' काढला तो नुसत्या रक्तावर, कारण मोठे स्टुडिओ ते दाखवायला तयार नव्हते. मोठ्यांना जे दाखवता येत नाही ते दाखवायचं, छोट्यांकडे विकायला तेवढंच असतं.

पण त्याच धंद्यातून कधी कधी असं काही निघतं की बस. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८, खर्च सव्वा लाख डॉलरच्या आतला, ब्लॅक अँड व्हाईट असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलेलं आणि हिरो काळा माणूस, त्या काळात. शेवट सांगत नाही. आणि गंमत म्हणजे नाव बदलताना कॉपीराईटची ओळच टायटलमधून राहून गेली, त्यामुळे तो पिक्चर सगळ्या जगाचा झाला आणि बनवणाऱ्यांच्या हातात तेवढं काही पडलं नाही. त्यांच्या आयुष्यातला खरा हॉरर हाच असणार.

सानपाडा_स्लो

मी बघणारा नाही, करणारा होतो, म्हणून लिहितो. २००० च्या आसपास दीड-दोन वर्षं आर्ट डिपार्टमेंटला हेल्पर होतो, असल्याच पिक्चरांना. नावं विचारू नका, माझ्याच लक्षात नाहीत, एकाच बंगल्यात एका पिक्चरची हवेली आणि दुसऱ्याचं हॉस्पिटल असायचं, मधे फक्त पडदे बदलायचे.

रक्त मी बनवायचो. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, आणि नुसता लाल गुलाबी दिसतो म्हणून त्यात चिमूटभर कॉफी. पाक पातळ झाला तर ओघळ पाण्यासारखा पळतो, घट्ट झाला तर गालावरच बसतो, जॅमसारखा. ते जमायला मला चार पिक्चर लागले. आणि येऊरला रात्रीची शिफ्ट, मेलेली बाई जमिनीवर पडलेली, मानेला माझं रक्त, आणि लाईट लागेपर्यंत मुंग्यांची रांग लागली तिच्या मानेपर्यंत. ती बिचारी मेलेली आहे ना, हलता येईना, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात माझ्या आईचा उद्धार करत होती. टेक ओके झाला. धुक्यासाठी शेगडीत निखारे आणि वर लोबान, एक पोरगा पुठ्ठ्याने वारा घालत पळतोय, सगळं युनिट खोकतंय. हे सगळं पडद्यावर दिसतं हो, आणि ताई तुम्हाला जे आवडतं ना ते हेच असणार, की चार माणसांनी काहीच नसताना काहीतरी उभं केलंय.

पण एक सांगतो, मुखवटा स्वस्त असला तर कोणाचं काही जात नाही. 'हॅलोवीन'चा (१९७८) तो प्रसिद्ध मुखवटा दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक'वाल्या विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा होता, पांढरा स्प्रे मारला की झालं भूत. पण पैसे वाचवायची दुसरी जागा म्हणजे माणसं. 'टेक्सास चेन सॉ मॅसेकर' (१९७४) मधला जेवणाच्या टेबलाचा सीन सलग चोवीस तासांहून जास्त चालला, टेक्सासच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकलेल्या, टेबलावर मांस सडतंय. ग्रेट सीन आहे, मान्य, पण मी तो बघताना फक्त ती शिफ्ट मोजतो. आमच्याकडे पण साईड आर्टिस्ट मुलींना सीन काय आहे ते सेटवर आल्यावर कळायचं, आणि नाही म्हणाली तर त्या दिवसाचे पैसे गेले. मी तेव्हा गप्प बसलो. वीस वर्षांचा होतो, पण गप्पच बसलो.

तिखट_मिसळ

सानपाडा, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं आणि वाईटपण.

बाकीच्यांना माझा विरोध आहे. 'मजा म्हणून बघतो' म्हटलं की सगळं माफ होतं का? भूत रबराचं असतं, ठीक आहे. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) मध्ये कासव खरं होतं, कॅमेऱ्यासमोर खरंच मारलंय. नटांनाही खरंच मारलं असं वाटून डायरेक्टरवर इटलीत केस झाली, नट जिवंत आहेत हे त्याला दाखवावं लागलं, माणसं जिवंत निघाली, कासव कुठून आणणार? मी तो अर्ध्यात बंद केला आणि परत लावणार नाही, कोणी कितीही कल्ट म्हणो. आणि आपल्याकडचं म्हणाल तर पुराना मंदिरचा शाप काय, तर घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरणार. पाप पुरुषांचं, मरायचं बायकांनी. वर त्यांनीच अंघोळ पण करायची.

ताई, तुम्हाला वेगळं काढता येतं का विचारलंत ना, मला नाही येत. मी बघते आणि चिडते, दोन्ही.

सासूबाईंसोबत 'लपाछपी' बघा, मराठी, २०१७. स्वस्तातला म्हणून नाही सांगत, पण पसारा छोटाच आहे, उसाच्या फडातलं एक घर आणि पोटुशी बाई. त्यातपण बाईचेच हाल आहेत पण पिक्चर तिच्या बाजूने उभा आहे, हा फरक दहा मिनिटांत कळतो. हिंदीत 'छोरी' आला तो याचाच रिमेक.

अर्धा_कटिंग

झपाटलेला चालेल का यात? तात्या विंचूला मी लहानपणी इतका घाबरायचो की बहिणीची बाहुली माळ्यावर टाकलेली, ती अजून तिथेच आहे.

निशाचर_नौपाडा

@अर्धा_कटिंग तो कॉमेडी आहे रे, शिवाय व्यवस्थित बजेटचा. बाहुली उतरव.

@तिखट_मिसळ शापाचं मुद्देसूद आहे, तीसेक वर्षं बघतोय, कधी डोक्यात आलं नाही. कासवाचं पण मान्य. फक्त तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवू नका एवढंच. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिकलेले इंजिनिअर होते, उंची आणि चेहऱ्याची ठेवण बघून रामसेंनी घेतलं, आणि मेकअपशिवायही ती नजर अंगावर येते. तो माणूस मन लावून भूत झालाय. तेवढ्यासाठी तरी मी बघणार.

घोडबंदरची_हडळ

सगळ्यांना थँक्यू. सानपाडा दादा, आता मला प्रत्येक प्रेताच्या मानेवर मुंग्या दिसणार.

अपडेट देते. काल तिखटताईंचं ऐकून लपाछपी लावला आणि धीर करून सासूबाईंना बोलावलं. अर्ध्या तासात उठल्या, म्हणाल्या हे फार खरं आहे गं, रात्रीचं नको. मग हळूच विचारतात, तो त्या दिवशीचा मुंडकेवाला संपवलात का तुम्ही? मी थक्क. तर म्हणे लग्नाच्या नवीन नवीन दिवसांत सासऱ्यांनी ठाण्यातच थेटरात नेलेलं, आणि ते स्वतःच इंटरव्हलला घाबरून बाहेर पडले, त्यामुळे पुढे काय झालं ते सासूबाईंना आजवर माहीत नाही.

पुढच्या शनिवारी चौघी आहोत. अंघोळीला फॉरवर्ड करायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतलीये, रिमोट त्यांच्याकडे.