५२ आठवडे, ५२ विषय : कसं गेलं तुमचं वर्ष?

दर आठवड्याला एक विषय, त्याच आठवड्यात काढलेला एकच फोटो आणि हे सलग वर्षभर. जुना साठा उघडायचा नाही, एवढाच नियम.

सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, अडचण वेळेची येईल. अडचण वेगळीच निघाली. ‘पाणी’, ‘सावली’, ‘दार’, ‘लाल’ या विषयांचे फोटो आधीपासूनच डोक्यात तयार होते, ते पहिल्या दहा-बारा आठवड्यांत संपले. त्यानंतर खरं बघायला लागलं. २६व्या आठवड्यात विषय आला ‘शांतता’. सहा दिवस रिकामे रस्ते, रिकामी बाकं काढत फिरलो. एकही फोटो मनाला पटेना. सातव्या रात्री बाळाच्या खोलीबाहेर थांबलो तर दाराच्या कडीला रुमाल गुंडाळलेला दिसला. कडीचा आवाज होऊन बाळ उठू नये म्हणून बायकोने तो बांधला होता, आणि कितीतरी दिवस तो तिथेच होता. वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच.

तुम्ही पूर्ण केलं असेल किंवा मध्येच सोडलं असेल, तरी लिहा. फोटो किती छान आला यापेक्षा तो कसा सापडला, ते वाचायला आवडेल.

*

मला ‘पांढरा’ या विषयाने शिकवलं. पांढऱ्या चादरीवर पांढरी वाटी ठेवली, इतकं सोपं. पण प्रत्येक फोटो मळकट यायचा. मग वाचून काढलं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल त्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे नेतं. पांढरं पुढ्यात धरलं तरी करडं, काळं धरलं तरी करडं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, +१.३ केल्यावर चादर चादरीसारखी दिसली. आठ वर्षं तो कॅमेरा माझ्याकडे होता आणि त्या बटणाला माझं बोट लागलं नव्हतं!

तरीही वाटी चादरीत हरवतच होती. समोरून येणारा उजेड बंद करून फक्त एका बाजूच्या खिडकीचा ठेवला, तेव्हा वाटीच्या काठाला सुईच्या जाडीची सावली आली. तेवढी पुरली.

*

मी मोबाइलवरच केलं. १९व्या आठवड्यात पाय मोडला आणि पुढचे नऊ विषय एकाच खोलीत, एकाच पलंगावरून काढावे लागले. रडूच आलं होतं. तेव्हा प्रागच्या योसेफ सुदेक या फोटोग्राफरबद्दल वाचलं. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता, आणि १९४०पासून पुढे अनेक वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. कधी काचेवर दव, कधी बर्फ, कधी बाहेरचं वाकडं झाड. आज टिकून असलेला जगातला सगळ्यात जुना कॅमेरा-फोटोही खिडकीतूनच काढलेला आहे. तो फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास काढला. त्याला इतके तास लागले की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. हे कळल्यावर खिडकीशी माझं भांडण मिटलं.

‘वेळ’ या विषयाला मी भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्याची कड दर अर्ध्या तासाने पेन्सिलीने आखली. अकरा रेघा झाल्या, आणि शेवटच्या रेघेला ऊन टेकलं तेव्हा फोटो घेतला. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात त्याच वेळांना पुन्हा पाहिलं, तर ऊन एकाही रेघेवर येत नव्हतं. सूर्य दरम्यान बराच सरकला होता. रेघा अजून पुसलेल्या नाहीत.

*

पहिल्या वर्षी मी ३३ला थांबले. एक आठवडा हुकला, तो पुढच्या आठवड्यात भरून काढायला गेले, तर दोन्ही फोटो उरकल्यासारखे झाले. मग तीन साचले, आणि कॅमेरा हातात घ्यायचंच दडपण यायला लागलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ठरवलं की हुकलेला आठवडा कोराच ठेवायचा. चार जागा कोऱ्या राहिल्या आणि ५२व्या आठवड्यापर्यंत पोचले. नव्याने करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच: मागचं भरायला जाऊ नका.

*

‘वेग’. मुलगी सायकलवर आणि मी अंगणात उभा. १/१००० सेकंदाला फोटो अगदी लख्ख आला, पण सायकल उभी असल्यासारखी दिसत होती. वेगाचा मागमूस नाही. शटर १/२० सेकंदावर आणलं, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहतं, आणि तिच्याबरोबर कॅमेरा फिरवायला लागलो. नुसते हात फिरवून जमत नाही. पाय रोवून कमरेतून वळावं लागतं, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नसतं. भर उन्हात १/२० म्हणजे फोटो पांढराफटक, म्हणून संध्याकाळची वाट पाहिली. तीन संध्याकाळी मिळून दीडशेच्या आसपास फोटो काढले. एकात चाकांचे आरे विरघळलेत, मागचं कुंपण नुसत्या रेघा झालंय, आणि तिचा चेहरा स्पष्ट आहे. दातांत जीभ धरलेली. ती जोर लावताना असं करते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

*

मला सगळ्यात जड गेला ‘अनोळखी चेहरा’. लांबून, न विचारता काढायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं, आणि तो त्यांचा हक्कच आहे. तिसरे एक आजोबा बाकावर एकटे बसले होते. त्यांना म्हटलं, “वर्षभर दर आठवड्याला एक फोटो काढतेय, या आठवड्यात तुमचा काढू का?” ते म्हणाले, “आधी बस.” अर्धा तास बोललो. कॅमेरा काढला तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघायला लागले. मी तसाच घेतला.

पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन गेले. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग म्हणाले, “माझा कान अगदी वडिलांसारखा आहे की गं.”