दावा आपण लावायचा, कोर्ट समोरच्याने निवडायचं?

रारितनकाठ: माझी मावशी न्यू जर्सीची, अमेरिकन नागरिक. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानात सांडलेल्या तेलावरून घसरली, खुबा मोडला. न्यू ब्रन्सविकच्या राज्य न्यायालयात दावा लावला. समन्स मिळाल्यावर २८व्या दिवशी परराज्यातल्या त्या कंपनीने खटला ट्रेंटनच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेला. आधी परवानगीही लागत नाही. नोटीस टाकली, राज्य न्यायालयात प्रत दिली, की तिथलं काम थांबलं. मावशी अजून वॉकरवर आहे, पण प्रश्न फक्त प्रवासाचा नाही. न्यू जर्सीत दिवाणी दाव्यात निकालासाठी सहापैकी पाच ज्यूरर (निकाल देणारे सामान्य नागरिक) एका मताचे असले तरी पुरतात. फेडरल कोर्टात, दोन्ही बाजूंनी वेगळं ठरवलं नसेल तर, सगळ्यांचं एकमत लागतं. अर्ध्या वाटेत मापच बदललं! हा अन्याय आहे.

बचावबाजू: मी प्रतिवादींचं काम करते, म्हणून ठामपणे सांगते. ही सोय १७८९च्या कायद्यापासून आहे, परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक ज्यूरी परकं मानेल या भीतीपोटी. वर तिला अटीही आहेत. फेडरल कायद्याचा प्रश्न नसेल तर रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी, ३० दिवसांत हलवावं लागतं, एका बाजूचा कोणीही दुसऱ्या बाजूच्या कोणाच्याही राज्यातला नको. आणि वादीचे वकील काय करतात? निव्वळ खटला राज्य न्यायालयातच अडकवायला दुकानाच्या स्थानिक मॅनेजरला प्रतिवादी करतात.

सातारकर_ओहायो: माझे दोनच ट्रक. शेजारच्या राज्यात अपघात झाला, दावा तिथल्या छोट्या काउंटीत लागला. पहिल्या तारखेला पाहिलं, कारकुनापासून वकिलापर्यंत सगळे एकमेकांना नावाने हाक मारत होते. खटला फेडरल कोर्टात गेला तेव्हा मला रात्री झोप लागली. माझ्यासारख्याने काय करायचं?

रारितनकाठ: दादा, तुम्हाला हा हक्क हवाच. पण गावात वीस वर्षं दुकान चालवणारी कंपनी परकी कशी? भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झ कंपनीचा २०१०चा खटला बघा. कॅलिफोर्नियातल्या कामगारांनी तिथेच दावा लावला. कंपनीचा सर्वात जास्त धंदा त्याच राज्यात, असं खालच्या कोर्टांनी धरलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, धंदा नका मोजू, वरिष्ठ अधिकारी कारभार कुठून हाकतात ते बघा. म्हणजे शेकडो दुकानं इथे, आणि कागदावर पाहुणी.

बचावबाजू: धंदा मोजत बसलो तर कोर्ट कुठलं हे ठरवण्यातच वर्ष जाईल. सोपा नियम वादीच्याही फायद्याचा असतो. मावशींचे वकील काय म्हणतात?

रारितनकाठ: त्यांनी मॅनेजरला जोडायचा अर्ज केलाय. तो न्यू जर्सीचाच. न्यायाधीशांनी परवानगी दिली तर खटला न्यू ब्रन्सविकला परत येईल. कंपनी म्हणते, हा नुसता डाव. पण ताई, तेल सांडलेलं त्याने पाहिलं होतं. मावशी पडली तेव्हा तो 'फडकं आणायलाच गेलो होतो' म्हणत धावत आला. तिथे पाटी तेवढी ठेवली नव्हती.